आपल्या मापाचं विमान

अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात राहणाऱ्या रिचर्ड व्हॅनग्रन्सव्हेन या तरुण इंजिनिअरने १९६०च्या दशकात एक जुने विमान विकत घेतले. ते कारखान्यातले नव्हते, कुणीतरी घरी बांधलेले होते. ‘स्टिट्स प्लेबॉय’ त्याचे नाव. एका माणसापुरती जागा, पोलादी नळ्यांचा सांगाडा, लाकडी पंखांवर ताणून बसवलेले कापड आणि पंखांना आधार द्यायला बाहेरून लावलेल्या तिरप्या दांड्या. विमान उडायचे चांगले. पण व्हॅनग्रन्सव्हेनला त्याच्याकडून दोन गोष्टी हव्या होत्या. लांबच्या प्रवासात ते वेगाने जायला हवे, आणि घरच्या शेतातल्या आखूड, गवताळ धावपट्टीवर सुखरूप उतरायलाही हवे.

या दोन इच्छा एकमेकींच्या सवती आहेत. वेगाला लहान पंख लागतो, कारण मोठा पंख हवेत जास्त घासतो. हळू उतरायला मोठा पंख लागतो, कारण वेग कमी झाला की विमान तोलून धरायला क्षेत्रफळच कामी येते. व्हॅनग्रन्सव्हेनने आधी १२५ अश्वशक्तीचे इंजिन बसवले. तेवढ्याने भागेना, तेव्हा त्याने पंखच काढून टाकले आणि ॲल्युमिनियमच्या पत्र्याचे नवे पंख बांधले. त्यांना बाहेरची एकही दांडी नव्हती आणि मागच्या कडेला फ्लॅप होते. वेगाने उडताना फ्लॅप मिटलेले राहायचे. उतरताना ते खाली वाकले की पंखाची वक्रता वाढायची आणि विमान कमी वेगातही तग धरायचे. एकाच पंखाची दोन रूपे. हे १९६५ साल. स्वतःच्या नावाची आद्याक्षरे घेऊन त्याने या विमानाला आरव्ही-१ म्हटले. पुढे त्याची कंपनी झाली, आणि आज घरी बांधायच्या विमानांत जगभर सर्वाधिक दिसतात ती तिचीच विमाने.

मला या गोष्टीत सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो त्याचा प्रश्न. ‘चांगले विमान कोणते’ हे त्याने विचारलेच नाही. ‘मला कुठून उडायचे आहे आणि कुठे उतरायचे आहे’ हे विचारले. घरी विमान बांधणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या रिव्हेटच्या आधी हा प्रश्न सोडवावा लागतो. शर्यतीचा छकडा आणि उसाची बैलगाडी दोन्ही बैलच ओढतात, पण छकड्यात ऊस भरून कुणी कारखान्यावर जात नाही.

हा प्रश्न विचारायची मोकळीक मिळते ती कायद्यामुळे. कारखान्यात तयार झालेले प्रवासी विमान मंजूर आराखड्याशी बांधलेले असते; मालकाला मनाप्रमाणे त्याचे इंजिन बदलता येत नाही की टाकी हलवता येत नाही. अमेरिकेतल्या नियमाने मात्र शिकण्यासाठी किंवा हौसेसाठी स्वतः विमान बांधणाऱ्याला वेगळी वाट ठेवली आहे. अट एकच मोठी, निम्म्याहून अधिक काम हौशी माणसाने स्वतः केलेले असले पाहिजे. म्हणून तिला बोलीत ‘५१ टक्क्यांचा नियम’ म्हणतात. १९५३ साली पॉल पोबेरेझ्नी यांनी विस्कॉन्सिनमध्ये अशा हौशी लोकांची संघटना सुरू केली. तिचा ऑशकॉश इथला मेळावा आता जगभरच्या विमानवेड्यांची पंढरी झाला आहे. अशा विमानावर ‘प्रायोगिक’ असे ठळक लिहावे लागते, आणि शेजारी बसणाऱ्याला दिसेल अशी सूचनाही लावावी लागते की हे विमान कारखान्यातल्या विमानाच्या कसोट्यांना उतरलेले नाही.

आपल्याकडे ही वाट किती खडतर आहे ते कॅप्टन अमोल यादव यांनी अनुभवले. व्यवसायाने वैमानिक असलेल्या या माणसाने मुंबईत कांदिवलीतल्या आपल्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचे विमान बांधले. २०१६च्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात ते लोकांनी पाहिले, नोंदणी २०१७मध्ये झाली, उड्डाणाची परवानगी यायला २०१९ उजाडले, आणि पुढच्या चाचण्या धुळ्याच्या धावपट्टीवर झाल्या. यादवांचे उद्दिष्ट हौशी माणसाच्या उद्दिष्टाहून निराळे होते. लहान शहरांना जोडणारे देशी विमान त्यांच्या डोळ्यांसमोर होते, म्हणून सहा आसने. जिद्द गच्चीवर मावली, पण नियम आणि कागद यांच्यात तिची वर्षे गेली. आपल्या देशात घरी विमान बांधणाऱ्यांसाठी सरळ, स्पष्ट नियम असायला हवेत, असे मला मनापासून वाटते.

आता पुन्हा पत्र्याकडे. हल्लीच्या किटमधले, म्हणजे विकत मिळणाऱ्या सुट्या भागांच्या संचातले, बहुतेक भाग भोके पाडून, वाकवून येतात. तरी काम थोडेथोडके नसते. प्रत्येक भोकाची कड हाताने घासून गुळगुळीत करायची, कारण त्या खरखरीत कडेतूनच पुढे तडा जातो. मग रिव्हेट. एक जण बाहेरून हवेच्या दाबावर चालणारी हातोडी-बंदूक टेकवतो, दुसरा आतून पोलादी ठोकळा दाबून धरतो. ‘टर्रर्’ असा दोन सेकंदांचा आवाज होतो आणि आतल्या बाजूला रिव्हेटचे शेपूट चेपून चपटे होते. जास्त ठोकले तर पत्रा खचतो, कमी ठोकले तर पकड येत नाही. चुकलेला रिव्हेट ड्रिलने काढून पुन्हा मारायचा. असे हजारो. नोकरी सांभाळून संध्याकाळी काम करणाऱ्याची अनेक वर्षे यात जातात. इतका घाम गाळून शेवटी हाती आलेले विमान भलत्याच कामाचे निघाले, तर ते दुःख फार मोठे असते. म्हणून निवड आधी करायची.

व्हॅनग्रन्सव्हेनच्याच कंपनीची दोन विमाने शेजारी ठेवली की निवड म्हणजे काय ते डोळ्यांना दिसते. आरव्ही-७ आणि आरव्ही-९. दोघांचे धड जवळपास तेच. दोन माणसे शेजारी-शेजारी बसतात. धावपट्टीवर दुरून पाहिले तर जाणकारही क्षणभर घोटाळेल. फरक पंखांत आहे. सातचे पंख टोकापासून टोकापर्यंत सुमारे ७.६ मीटर, नऊचे सुमारे ८.५. नऊचा पंख लांब पण अरुंद; त्याच्या छेदाचा आकार जॉन रॉन्झ या संशोधकाने आखला आणि फ्लॅपही मोठे, खाचेचे दिले.

एवढ्याशा फरकाने स्वभाव पालटतो. प्रत्येक विमानाचा एक किमान वेग असतो. त्याखाली पंखावरून वाहणारी हवा सुटते आणि पंख विमान धरून ठेवू शकत नाही. याला स्टॉल म्हणतात. पूर्ण भार असताना आरव्ही-७ ताशी सुमारे ९३ किलोमीटर वेगाला स्टॉल होते, आरव्ही-९ सुमारे ८० ला. तेरा किलोमीटरचे काय मोठे, असे वाटेल. पण गतीची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. सारख्या वजनाची दोन विमाने या दोन वेगांनी जमिनीला टेकली, तर पहिल्यात एक तृतीयांशाहून जास्त ऊर्जा शिल्लक असते. ती ब्रेकने जिरवायची. आणि इंजिन बंद पडून शेतात उतरायची वेळ आली, तर ती बांधाने, झाडाने किंवा आपल्या हाडांनी जिरवायची.

मग सगळ्यांनी नऊच का बांधू नये? कारण सातच्या आखूड पंखात दम आहे. ठरावीक वजनाच्या आत ते कोलांट्या घेऊ शकते, स्वतःच्या वजनाच्या सहापट भार सोसू शकते आणि नियंत्रणाची काठी जराशी हलवली की चटकन कुशीवर वळते. नऊला कोलांट्या मना आहेत. लांब पंख हा लांब तरफेसारखा असतो. टोकावरचा भार मुळाशी जास्त जोराने येतो. दोघांना एकच १६० अश्वशक्तीचे इंजिन लावले, तर सरळ प्रवासाच्या वेगात सांगण्याजोगा फरक पडत नाही. उलट उंचावरच्या विरळ हवेत लांब पंखाचे विमान सुखाने तरंगते. ज्याला रविवारी सकाळी आकाशात लोळायचे आहे त्याने सात घ्यावे. ज्याला बायकोला शेजारी बसवून आठशे किलोमीटरवरच्या लेकीकडे जायचे आहे त्याने नऊ. दोन्ही इच्छा रास्त आहेत. पण कोलांट्यांच्या स्वप्नावर सात घेणारे आणि पुढे वर्षातून दोनदासुद्धा उलटे न होणारे कितीतरी असतात.

इंजिनाच्या बाबतीत मोह आणखी मोठा. १६० अश्वशक्ती आराखड्यात बसते, तर १८० का नको? इथे थोडे गणित करू. हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो, आणि त्या रोधाशी झुंजायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाने. म्हणजे वेग दुप्पट करायचा तर शक्ती आठपट हवी. १६० वरून १८० वर जाणे म्हणजे शक्तीत साडेबारा टक्के वाढ. तिचे घनमूळ काढले की वेगात मिळतात जेमतेम चार टक्के. ताशी ३०० किलोमीटरचे ३१२ होतात. चारशे किलोमीटरच्या प्रवासात तीन मिनिटे वाचली.

पण चढण्याचा हिशेब निराळा आहे. चढताना उपयोगी पडते ती सरळ उडण्याची गरज भागवून उरलेली शक्ती. जास्तीच्या वीसही अश्वशक्ती थेट त्या शिलकीत पडतात. प्रोपेलरमधली घट वजा केली तरी सुमारे ८०० किलोंच्या विमानाला त्या वीस घोड्यांमुळे मिनिटाला पावणेतीनशे-तीनशे फूट जास्त चढता येते. कडक उन्हात, उंच पठारावरच्या धावपट्टीवरून दोन माणसे आणि भरलेली टाकी घेऊन निघायचे असेल, तर हे तीनशे फूट समोरच्या डोंगराच्या वरून जायला मदत करतात. म्हणून मोठे इंजिन वेगासाठी घेऊ नये, चढायला हवे असेल तर घ्यावे. हे वाक्य मला प्रत्येक किटच्या खोक्यावर छापावेसे वाटते.

आराखडाकाराने घातलेली मर्यादा मात्र ओलांडू नये. प्रत्येक विमानाला एक वेग असा असतो की त्यापुढे पंख किंवा शेपटीची पाती फडफडू लागतात आणि ती फडफड स्वतःच वाढत जाऊन काही सेकंदांत सांगाडा फाडते. आरव्ही-७ ची ही वेगमर्यादा ताशी ३७० किलोमीटर, आरव्ही-९ ची सुमारे ३३८. लांब पंखाची किंमत इथेही मोजावी लागते. खुबी अशी की फडफड हवेतल्या खऱ्या वेगाशी बांधलेली असते आणि काटा दाखवतो तो हवेच्या दाबावरून काढलेला वेग. उंचावर हवा विरळ, म्हणून काटा कमी दाखवतो. टर्बो बसवलेले सात १५,००० फुटांवर काट्याप्रमाणे ३०० ने चालले असेल, तर खरा वेग ३७८ च्या आसपास असतो. वैमानिक निवांत बसलेला आहे, काटा हिरव्या पट्ट्याजवळ आहे आणि मर्यादा केव्हाच ओलांडली आहे. व्हॅनग्रन्सव्हेनने आपल्या ग्राहकांना याविषयी पुन्हा पुन्हा बजावले, ते उगाच नाही.

इंजिनाइतकाच निर्णय प्रोपेलरचा, आणि त्याकडे नवखे लोक कमी लक्ष देतात. पात्यांचा तिरपेपणा कायमचा ठरलेला असेल, तर तो चढण्यासाठी ठेवायचा की पळण्यासाठी, हे सांगावे लागते. खंबाटकी घाट चढणारा ट्रक खालच्या गिअरमध्ये असतो. त्याच गिअरमध्ये सातारा-कोल्हापूर सपाट रस्ता धावायचा म्हटले तर इंजिन किंचाळेल. उलट चौथ्या गिअरमध्ये घाट चढणार नाही. कमी तिरपी पाती म्हणजे घाटाचा गिअर, जास्त तिरपी म्हणजे सपाटीचा. ज्याची पाती हवेत असताना आपोआप कोन बदलतात असा प्रोपेलर घेतला की दोन्ही साधते, पण तो महाग असतो आणि जड असतो. लाकडी प्रोपेलर सात-आठ किलोंचा, तर हा पंचवीसच्या घरात.

ते जास्तीचे वजन थेट विमानाच्या नाकावर येते, आणि विमान म्हणजे तराजू. गुरुत्वमध्य ठरलेल्या पट्ट्याच्या पुढे गेला की उतरताना नाक उचलत नाही. मागे गेला की विमान चंचल होते आणि स्टॉलमधून बाहेर निघायला कुरकुरते. आरव्ही-८ या पुढे-मागे बसायच्या विमानात याची सोय नीट विचार करून केली आहे. इंजिन हलके आणि प्रोपेलर लाकडी असेल तर बॅटरी पुढे बसवायची. इंजिन मोठे आणि प्रोपेलर जड असेल तर तीच बॅटरी मागे, सामानाच्या कप्प्यापलीकडे न्यायची. नाकावर केलेल्या खर्चाची भरपाई शेपटीकडे. बांधून झाल्यावर तिन्ही चाकांखाली तीन वजनकाटे ठेवून विमान तोलतात. त्या दिवशी बांधणाऱ्याच्या सगळ्या लाडांचा हिशेब निघतो. जाड गादी, चामड्याचे अस्तर, दुसरा स्क्रीन, रंगाचा तिसरा थर, सगळे तिथे किलोंमध्ये दिसते. तेवढे सामान किंवा तेवढे पेट्रोल कायमचे कमी न्यावे लागते.

वेगाचेच वेड असेल, तर शक्तीऐवजी रोधावर घाव घालणारा माणूस पुढे जातो. जॉन शार्प यांचे ‘नेमेसिस’ हे शर्यतीचे विमान १९९१ मध्ये उडाले. ते ज्या गटात उतरायचे त्याच्या नियमाप्रमाणे इंजिन ओ-२०० जातीचेच, चाके आत न मिटणारी आणि पंख किमान ६६ चौरस फुटांचे. शिकाऊ वैमानिकांच्या पिढ्या ज्यावर घडल्या त्या सेसना-१५० मध्ये हेच शंभर अश्वशक्तीचे इंजिन असते आणि ते ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास प्रवास करते. नेमेसिस चारशेच्या पुढे जायचे. शर्यतीत इंजिन कितीतरी जास्त फेऱ्यांनी पिळले जाते हे खरे, पण मुख्य करामत आकाराची. वैमानिक जवळजवळ निजून बसलेला, डोके तेवढे काचेत, प्रत्येक सांधा घासून एकसंध केलेला, इंजिनाला थंड करणारी हवासुद्धा मोजून आत घेतलेली. नेवाडातल्या रेनोच्या शर्यतीत त्याने १९९१ ते १९९९ अशी सलग नऊ वर्षे आपल्या गटाचे विजेतेपद सोडले नाही. आज ते अमेरिकेच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. त्यात दुसऱ्या माणसाला जागा नाही, पिशवीलाही नाही.

दुसऱ्या टोकाला ख्रिस हाइन्ट्झ. हा माणूस एकेकाळी कॉन्कॉर्डवर काम करत होता, ध्वनीच्या दुप्पट वेगाच्या विमानावर. त्यानेच १९८६ मध्ये झेनिथ सीएच ७०१ उडवले, ज्याचा सगळा अभिमान हळू उडण्यात आहे. पंख जाडजूड, आणि पुढच्या कडेला एक वेगळी अरुंद पट्टी कायमची बसवलेली. पट्टी आणि पंख यांच्यातल्या फटीतून हवा जोराने पंखाच्या पाठीवर जाते आणि नाक खूप वर उचलले तरी चिकटून राहते. त्यामुळे ते ताशी पन्नास किलोमीटरच्या आसपासही हवेत राहते. फुटबॉलच्या मैदानाएवढी जागा त्याला पुरते. प्रवासाचा वेग मात्र सुमारे १३० किलोमीटर, म्हणजे महामार्गावरच्या गाडीपेक्षा थोडा जास्त. काही मालकांनी ती पुढची पट्टी काढली आणि पंखाच्या पाठीवर छोट्या उभ्या पातळ चकत्यांची रांग लावली. या चकत्या हवेत बारीक भोवरे निर्माण करतात आणि हवा लवकर सुटू देत नाहीत. वेग जरा वाढतो, आखूड उतरण्याची हातोटी जरा घटते. ज्याला नदीच्या वाळवंटात उतरायचेच नाही त्याला हा सौदा पटतो. माझे मत विचाराल तर सीएच ७०१ घेऊन ते वेगवान करत बसण्यापेक्षा वेगळे विमान घ्यावे.

अंतराचे वेड हे तिसरे. बिल हॅरेल्सन यांनी लॅन्केअर-४ जातीचे विमान बांधतानाच पेट्रोलसाठी रचले, साडेतीनशे गॅलनहून अधिक मावेल इतके. नुसत्या पेट्रोलचेच वजन जवळजवळ एक टन. २०१४-१५ च्या हिवाळ्यात त्यांनी एकट्याने दोन्ही ध्रुवांवरून पृथ्वीप्रदक्षिणा केली. भरल्या टाक्यांनिशी असे विमान जमीन सोडायला खूप लांब धावते, आणि त्या अवस्थेत ते दुसऱ्या कुठल्याच कामाचे नसते. पण हॅरेल्सनना दुसरे काम नकोच होते. उद्दिष्ट इतके स्वच्छ असले की तडजोडी बोचत नाहीत.

बदलाची सगळ्यात जड किंमत मात्र पंखात किंवा इंजिनात नसते. कित्येकदा ती एका साध्या तोटीत असते.

बर्ट रुटान यांचे लाँग-ईझी हे विमान १९७९ मध्ये उडाले. फोम आणि काचेच्या कापडाचे, प्रोपेलर मागे आणि छोटा आडवा पंख नाकापाशी. कमी पेट्रोलमध्ये लांब जाणारे, आजही देखणे वाटणारे विमान. या घराण्यात बदलांनी भलेही केले आहे. पुढच्या छोट्या पंखावर पावसाचे थेंब बसले की त्याचा जोर घटायचा आणि नाक खाली झुकायचे. आरव्ही-९ चा पंख आखणाऱ्या जॉन रॉन्झनेच त्यासाठी नवा आकार काढला आणि ती खोड गेली. हा विचारपूर्वक, मोजून-मापून केलेला बदल.

दुसरा बदल असा. लाँग-ईझीत पंखांच्या मुळाशी डावी-उजवी अशा दोन टाक्या असतात, आणि कुठल्या टाकीतून पेट्रोल घ्यायचे ते एका तोटीने ठरते. मूळ आराखड्यात ही तोटी वैमानिकाच्या दोन पायांच्या मध्ये, समोर, नजरेच्या टप्प्यात. एका बांधणाऱ्याला पेट्रोलच्या नळ्या बसायच्या जागेतून न्यायच्या नव्हत्या. विचार वाईट नव्हता. आगीची भीती खरी आहे. त्याने तोटी मागच्या भिंतीवर, डाव्या खांद्याच्या मागे बसवली. पुढे विमान विकले गेले. १९९७ च्या ऑक्टोबरमध्ये ते गायक जॉन डेन्व्हर यांच्याकडे आले.

डेन्व्हर अनुभवी वैमानिक होते, पण या विमानाची शिकवणी त्यांना जेमतेम अर्ध्या तासाची मिळाली होती. तोटी फिरवायला जड जात होती, म्हणून पक्कड लावूनही पाहिले गेले. कुठली दिशा कुठल्या टाकीची हे तोटीवर लिहिलेले नव्हते. पेट्रोल दाखवणाऱ्या काचेच्या पट्ट्या पाठीमागे होत्या आणि त्यांच्यावरही खुणा नव्हत्या. १२ ऑक्टोबरच्या संध्याकाळी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर, मॉन्टेरे उपसागरावरून विमान कमी उंचीवर उडत असताना इंजिनाचा आवाज थबकला आणि विमान समुद्रात कोसळले. तपासणाऱ्यांनी तशाच विमानात बसून पाहिले. टाकी बदलायची तर उजव्या बाजूची काठी सोडायची, खांद्याचा पट्टा सैल करायचा, अंग डावीकडे पूर्ण वळवायचे आणि मग हात तोटीपर्यंत पोचतो. आणि अंग तसे वळवताना उजवा पाय नकळत पेडलवर दाबला जातो. विमान त्या बाजूला वळते. अहवालात कारण म्हणून वैमानिकाचे लक्ष वळणे आणि विमानावरचा ताबा सुटणे नोंदले गेले. त्याच्या जोडीला बिनखुणांची, हात न पोचणारी तोटी आणि नव्या विमानाचे अपुरे शिक्षण.

त्या बांधणाऱ्याला आपली तोटी पाठ असेल. त्याने ती स्वतःच्या हाताने बसवली होती, त्याच्या अंगाला त्या वळणाची सवय झाली असेल. बदल त्याच्या मापाचा होता. दुसऱ्याच्या जिवावर तो बेतला. हौशी विमानांच्या २०११ सालच्या २२४ अपघातांचा अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने अभ्यास केला, तेव्हा निम्म्याहून अधिक विमाने मालकाने स्वतः बांधलेली नव्हती, वापरलेली विकत घेतलेली होती.

म्हणूनच अमेरिकेत नवे विमान उडाले की लगेच कुणाला शेजारी बसवता येत नाही. इंजिन आणि प्रोपेलरची जोडी मान्यताप्राप्त असेल तर साधारणपणे २५ तास, नसेल तर ४० तास ठरलेल्या हद्दीत चाचण्या करायच्या. हे तास नुसते भरून काढायचे नसतात. मांडीला बांधलेल्या कागदावर वैमानिक लिहीत जातो. एकाच उंचीच्या टप्प्यातून पुन्हा पुन्हा चढायचे, दर वेळी वेग आठ-दहा किलोमीटरने बदलायचा आणि घड्याळ लावून मिनिटे मोजायची. खाली येऊन आकडे आलेखावर मांडले की एक कमान उमटते, आणि तिच्या माथ्यावरचा वेग हा आपल्या विमानाचा सर्वांत चांगला चढाईचा वेग असतो. शेजारच्या हँगरमधल्या त्याच नावाच्या विमानाचा तो निराळा निघतो, कारण त्याचे इंजिन, प्रोपेलर आणि वजन निराळे. पुढे कधी मोठा बदल केला, तर पुन्हा निदान पाच तास चाचणीत काढावे लागतात. हा नियम जाचक वाटणाऱ्याने ती तोटी आठवावी.

परदेशात राहणाऱ्या मराठी वाचकांपैकी कुणाला अशी संधी असेल, घरी बांधलेले विमान विकत घ्यायचे मनात असेल, तर एक कळकळीची विनंती. पहिल्या दिवशी इंजिन सुरू करू नका. हँगरमध्येच आसनावर बसा, पट्टे आवळा, डोळे मिटा आणि शेजारच्याला एकेक नाव उच्चारायला सांगा. पेट्रोलची तोटी, इंजिनाचा स्विच, फ्लॅप, दाराची कडी. प्रत्येक वेळी हात न चाचपडता तिथे गेला पाहिजे. एक जरी वस्तू पट्टा सैल केल्याशिवाय हाताला लागत नसेल, तर ती आधी पुढे आणून बसवा आणि मगच उडा.